आजी, पाय पुढं करा: गावातल्या ज्येष्ठांचे पाय तपासायचे कसे

माझ्या सासऱ्यांच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता. तो किती दिवस आत होता हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण त्यांना दुखलंच नाही. ते रानात जात होते, येत होते, जेवत होते. एका संध्याकाळी सोप्यातल्या फरशीवर ओले डाग दिसले म्हणून मी त्यांचा पाय उचलून पाहिला. चवड्याखाली रुपयाएवढी जखम होती आणि वास सुटला होता. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. तेव्हा मी आरोग्य सेविका म्हणून नोकरीत होते. गावातल्या बाळांना लसी देत होते, गरोदर बायकांच्या घरी चकरा मारत होते, आणि घरातल्या माणसाला पंधरा वर्षं साखर आहे हे माहीत असून त्यांचा तळपाय एकदाही उलटा करून बघितला नव्हता.

निवृत्त झाल्यावर मी हे काम हाती घेतलं. फलटण तालुक्यातल्या आमच्या गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर वर्षातून दोनदा साठीपुढच्या माणसांचे पाय आम्ही बघतो. कुणाला आपल्या गावात हे करायचं असेल तर कसं करावं, ते लिहिते आहे. त्यासाठी डॉक्टर असायची गरज नाही. आशाताई, निवृत्त गुरुजी, बचत गटातल्या बायका, कॉलेजातली पोरं, सगळ्यांना हे शिकता येतं. मात्र आपण बघतो आणि पाठवतो, उपचार करत नाही, ही रेघ पहिल्या दिवसापासून पक्की ठेवा.

पाठवायचं कुठं, ते आधी ठरवा

लोक आधी मांडव आणि खुर्च्यांचा विचार करतात. मी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते. तिथल्या डॉक्टरांना विचारते की माझ्याकडे जखम झालेला माणूस सापडला तर कोणत्या वारी आणि कुणाकडे पाठवू? पायाच्या रक्तवाहिन्या बंद झाल्याची शंका आली तर पुढं कुठं? या दोन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून घेतल्याशिवाय तारीख ठरवत नाही. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला "तुमचा पाय धोक्यात आहे" असं सांगायचं आणि पुढचा रस्ता दाखवायचा नाही, हे मला क्रूर वाटतं.

जाण्यायेण्याचाही विचार आधीच करा. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना आणि बायकांना अर्धं तिकीट आहे. तरी माणसं जात नाहीत, कारण बरोबर कुणी नसतं. म्हणून दोन-तीन तरुण पोरांची नावं "सोबत जाणार" म्हणून आधीच लिहून ठेवते.

वेळ सकाळी ९ ते १२. त्यापुढं माणसं कंटाळतात, आपलं लक्षही उडतं. एका सकाळी पंचविसाच्या वर माणसं घेऊ नका. एका माणसाला नीट बघायला पंधरा मिनिटं लागतात आणि तपासणारे तिघे-चौघेच असतात. बाजारचा दिवस टाळा. आम्ही एक खेप ज्येष्ठात घेतो, पालखीच्या आधी. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करत फलटणला येते आणि आमच्याकडची कितीतरी म्हातारी माणसं तिथून पंढरपूरपर्यंत चालत जातात. ज्याचा तळवा बधिर आहे त्याला हे निघण्याआधी कळायला हवं. दुसरी खेप दिवाळीनंतर. पावसाळ्यातल्या चिखल्या तोवर मुरलेल्या असतात आणि थंडीच्या भेगा फुटायला लागलेल्या असतात.

साखर तपासायचं यंत्र ठेवणार असाल तर ते टेबल शेवटी ठेवा. आम्ही पहिल्या वर्षी ते दाराशी ठेवलं होतं. बोटाला सुई टोचून घेतली, आकडा ऐकला, की निम्मी माणसं घरी. पाय दाखवायला थांबली ती ज्यांचे पाय धडधाकट होते तीच.

सामान

फार काही लागत नाही. एक परात किंवा घमेलं, दोन तांबे, कोमट पाण्याची बादली, साधा साबण. जुनी धोतरं आणि लुगडी धुऊन, उन्हात वाळवून त्यांचे हातरुमालाएवढे तुकडे करून ठेवा, माणशी दोन. तेच कापड दुसऱ्याच्या पायाला लावायचं नाही. चांगली बॅटरी, हातमोजे, तपासणाऱ्यासाठी बुटका पाट किंवा स्टूल, समोरच्यासाठी पाठ टेकता येईल अशी खुर्ची. एक हातआरसा. वही, आणि हिरवी, पिवळी, लाल अशी तीन पेनं, कुणाच्या पायाची किती घाई आहे ते रंगावरून कळावं म्हणून.

पाण्याबद्दल एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पाय परातीत बुडवून ठेवायचा नाही. परात खाली ठेवायची आणि तांब्यानं वरून पाणी सोडायचं. एकाच पाण्यात दहा जणांचे पाय बुडाले तर एकाची बुरशी दहांना जाते. पाणी आपल्या कोपरानं बघायचं, त्यांना पाय घालून बघायला सांगायचं नाही, कारण ज्याला गरम कळत नाही तोच आपल्यासमोर बसलेला असायची शक्यता आहे. उघडी जखम दिसली तर तो पाय धुवायच्या रांगेतून काढा आणि वेगळा बघा.

संकोच कसा मोडायचा

सगळ्यात अवघड भाग हा आहे.

आपल्याकडे थोरांच्या पाया पडतात, पण त्यांचे पाय कुणी बघत नाही. म्हाताऱ्या बायकांना पाय पुढं करून बसणं बेअदबी वाटते. त्या पदरानं पाऊल झाकतात. "बाई, माज्या पायाला हात नगं लावू, पाप लागंल मला," असं मला शंभरदा ऐकावं लागलंय. पुरुष भेगांची लाज वाटून पाय खुर्चीखाली ओढून घेतात. काहींच्या मनात तर आणखी खोल गोष्ट असते, आपले पाय वरच्या आळीतल्या बाईनं हातात घ्यावेत की नाही ही. ती कुणी बोलून दाखवत नाही, पण आखडलेल्या पावलात ती समजते.

मी काय करते ते सांगते. माणूस खुर्चीत बसला की मी खाली पाटावर बसते, त्याच्या नजरेच्या खाली. आणि पहिल्यांदा पाया पडते. खरोखर, दोन्ही हात पावलांना लावून. आजी सवयीनं माझ्या डोक्यावर हात ठेवते, "औक्षवंत हो" म्हणते, आणि तेवढ्यात पाऊल माझ्या हातात आलेलं असतं. मग विचारते, "आजी, जरा धुऊन देऊ का?" आजवर एकाही आजीनं नाही म्हटलेलं नाही. शिकायला आलेल्या पोरांना मी हेच आधी शिकवते, बाकी सगळं नंतर. हे नाटक म्हणून करू नका. मनात आदर नसेल तर हातात तो कळतो.

धुण्यानं दोन कामं होतात. वाळलेला चिखल, शेण, तंबाखूचं बोट पुसल्याचे डाग निघून खरी कातडी दिसते. आणि गार पडलेलं पाऊल थोडं उबदार होतं, त्यामुळे नाडी लागायला सोपी जाते. धुऊन झालं की बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या करायच्या. हे करताना तोंडानं सांगत राहा, "बघा आजी, घरीबी असंच पुसायचं." शिकवणं इथंच सुरू होतं.

बघायचं काय

पायाच्या आधी चप्पल. चप्पल उलटी करा. खिळा वर आलेला आहे का, एकच कड झिजली आहे का, आत खडा आहे का, पट्टा तुटून तारेनं बांधलाय का? आमच्याकडे एका अण्णांच्या वहाणेत मक्याचा दाणा रुतून बसलेला सापडला. बरोबर त्याच जागी तळव्याला काळसर घट्टा झाला होता. अण्णांना त्याचा पत्ता नव्हता. जाता जाता विचारा, "चालताना चप्पल पायातनं निघून गेली आणि ध्यानातच आलं नाही, असं झालंय का कधी?" माझ्या अनुभवात हा प्रश्न फार काही सांगून जातो. तसंच "पायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं", "मुंग्या येतात", "रात्री तळवे पेटतात" हे शब्द आले की त्यांच्याच भाषेत वहीत उतरवा.

आता पाय. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा, एकट्या पायावरून काही कळत नाही. रंग सारखा आहे का? आपल्या हाताच्या पालथ्या बाजूनं दोन्हींची ऊब बघा, एक गरम आणि एक गार आहे का? सूज? बोटं वाकडी, आकडीसारखी झालीत का, अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर आलंय का? असं हाड आणि अशी बोटं चपलेत घासतात आणि तिथंच जखम होते.

बेचक्या उघडून बॅटरी मारा, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली आधी. पांढरी, भिजल्यासारखी, सोललेली कातडी म्हणजे चिखल्या. माणसं त्याला किरकोळ समजतात, पण साखर असलेल्या पायात जंतू आत शिरायचा तोच दरवाजा.

बायकांची जोडवी सरकवून बघा. लग्नात घातलेली जोडवी पन्नास वर्षांनी सुजलेल्या बोटात रुततात, खाली कातडी ओली राहते, कधी जखम असते. काढायला सांगणं नाजूक आहे. नवरा हयात असलेल्या आजीला मी "काढा" म्हणत नाही. सोनाराकडून सैल करून घ्या म्हणते. घरची सून किंवा मुलगी तिथंच असेल तर तिच्यावर ते काम सोपवते.

नखं जाड, पिवळी, चुरा होणारी असतील तर बुरशी असू शकते. कडा मांसात रुतल्यात का बघा. टाचांच्या भेगा किती खोल आहेत, त्यातून रक्त किंवा पाणी येतं का ते बघा. इथं एक गोष्ट माणसांना सांगण्यासारखी आहे. साखरेनं नसा खराब झाल्या की पायाला घाम येईनासा होतो, कातडी कोरडी पडते आणि तडकते. त्यामुळे ज्याच्या पायाला खोल भेगा आहेत आणि त्या दुखत नाहीत, त्याच्याकडे मी जास्त लक्ष देते. दुखतात म्हणून ओरडणाऱ्या आजीची मला तेवढी काळजी वाटत नाही.

कुरूप किंवा घट्टा दिसला तर त्याच्या मधोमध काळा-लालसर ठिपका आहे का बघा. असेल तर आत रक्त साकळलंय, खाली जखम असायची शक्यता मोठी. कापू नका, टोकरू नका, लाल पेनानं नोंदवा.

स्पर्शाची परीक्षा

यासाठी यंत्र लागत नाही. इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या रुग्णालयात बसवलेली एक पद्धत आहे, नुसत्या बोटानं करायची.

आधी त्यांच्या हातावर हलकं बोट टेकवून दाखवा, "असं लागलं की 'हो' म्हणायचं आणि उजवा का डावा ते सांगायचं." मग डोळे मिटायला सांगा. ऐकू कमी येत असेल तर हात वर करायला सांगा. आता आपल्या तर्जनीचं टोक त्यांच्या बोटाच्या टोकावर पिसासारखं ठेवायचं, एक-दोन सेकंद, आणि उचलायचं. दाबायचं नाही, टोचायचं नाही, टकटक करायची नाही. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट, शेवटी डावं मधलं बोट. सहा जागा. कळलं नाही तर पुन्हा त्याच जागी लावून बघायचं नाही, फुली मारून पुढं जायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही तर पाय बधिर धरायचा.

नवी पोरं इथं एक चूक हमखास करतात. "लागतंय का आजी?" असं विचारून मग बोट ठेवतात. आजीला पोराचं मन मोडवत नाही, ती "हो रं बाळा" म्हणते. विचारायचं नाही. गप्प राहायचं, आणि अधूनमधून बोट न लावताच थांबून बघायचं की "हो" येतंय का. बरोबरचे नातेवाईकही मधेच बोलतात, त्यांना मागं बसवा.

उपकेंद्रात मोनोफिलामेंट मिळालं तर उत्तम. नायलॉनचा धागा असतो तो, वाकेपर्यंत दाबला की १० ग्रॅमचा दाब पडतो. अंगठ्याच्या तळाशी आणि चवड्यावर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बोटाच्या बुडाशी लावायचा. घट्टा टाळून, शेजारच्या मऊ कातडीवर. पण एकाच धाग्यानं दिवसभर गाव तपासू नका. दहाएक माणसांनंतर तो थकतो, दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला विसावा द्यावा लागतो, नाहीतर दाब कमी पडून चांगले पायही बधिर ठरतात. प्रत्येक माणसानंतर स्पिरिटनं पुसा.

बधिर पाय म्हटलं की सगळे साखरेकडे बोट दाखवतात. ते बहुतेक वेळा खरंही असतं. पण दारू, ब जीवनसत्त्वाची कमतरता, मणक्याचा दाब यांनीही बधिरता येते. आणि फिकट किंवा तांबूस चट्टा असेल, त्यावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची शंका घेऊन आरोग्य केंद्रात पाठवायला हवं. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो. पण हा शब्द मांडवात उच्चारू नका. त्या माणसाला बाजूला घेऊन "हा चट्टा डॉक्टरांना दाखवू, मी बरोबर येते" एवढंच म्हणा. मी असं दोनदा केलं आहे. दोन्ही वेळा गावाला काही कळलं नाही आणि औषधं पूर्ण झाली.

या कामाची मुळंही कुष्ठरोगातच आहेत. तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले आणि पुढं तिथं कुष्ठरुग्णांवर काम करू लागले. रोग्यांची बोटं आपोआप झडतात असं तेव्हा सगळे मानत. त्यांनी दाखवून दिलं की बोटं झडत नाहीत. दुखणं कळत नसल्यामुळे माणूस भाजून घेतो, कापून घेतो, जखमेवर चालत राहतो, आणि त्यानं अवयव जातो. झोपेत उंदीर कुरतडत असले तरी रोग्याला जाग येत नसे, म्हणून त्यांनी रुग्णांना मांजरं दिली. पुढं हेच ज्ञान त्यांनी मधुमेहाच्या पायांसाठी वापरलं. हे मी शिबिरात नेहमी सांगते, कारण आमच्याकडेही घरात ज्वारीची पोती असतात आणि उंदीरही. सकाळी बोटाला जखम दिसली आणि कशानं झाली कळत नाही असं म्हणणारे मी पाहिले आहेत. बधिर पायाच्या माणसानं खाली जमिनीवर झोपू नये, आणि रात्री पायात सैल मोजे घालावेत.

नाडी

हे काम नर्सनं किंवा आरोग्य सेवकानंच करावं. एक नाडी पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा वर उचलल्यावर जी शीर ताणलेली दिसते तिच्या बाहेरच्या अंगाला. दुसरी आतल्या घोट्याच्या मागे. दोन बोटं हलकी ठेवा, अंगठ्यानं बघू नका, आपलीच नाडी लागते. सूज असेल किंवा बोटं गार असतील तर घाई करू नका. लागलीच नाही तर तसं लिहा. "बहुतेक लागली" असं कधी लिहू नका.

बरोबर एक प्रश्न विचारा. चालताना पोटरी भरून येते, थांबलं की दोन मिनिटांत बरं वाटतं, पुन्हा चाललं की पुन्हा येते, असं होतं का? होत असेल तर रक्त कमी पोहोचतंय. बिडी ओढणाऱ्यांना तिथंच, नाडीवर बोट ठेवून सांगा की बिडीनं याच नळ्या आवळतात. त्या क्षणी ते ऐकतात.

कुणाला कधी

सगळं ठीक असेल तर हिरवा, वर्षानं पुन्हा. नुसती बधिरता किंवा नुसती न लागणारी नाडी असेल तर पिवळा, सहा महिन्यांनी. बधिरता आणि न लागणारी नाडी दोन्ही असेल, किंवा दोहोंपैकी एक आणि सोबत वाकडी बोटं किंवा बाहेर आलेलं हाड असेल, तर पिवळ्याला दोन रेघा आणि तीन महिन्यांनी. नाडी लागली नाही तर डॉक्टरांची चिठ्ठीही द्यायची. पूर्वी जखम होऊन बरी झाली असेल किंवा बोट काढलेलं असेल तर दर महिन्या-दोन महिन्यांनी, कारण तिथं पुन्हा जखम होते.

लाल म्हणजे आजच्या आज. उघडी जखम, काळं पडलेलं बोट, वास, पू, ताप. अचानक पांढरं-गार पडून दुखणारं पाऊल. आणि एक गोष्ट जी हमखास चुकते: लाल, गरम, सुजलेलं पाऊल, ज्यात जखम नाही आणि फारसं दुखतही नाही. साखरेच्या बधिर पायात आतली हाडं खचत असली की असं दिसतं. मुरगळलं असेल म्हणून लेप लावून लोक चालत राहतात आणि पावलाची कमान कायमची बसते. अशा माणसाला पाय टेकवू न देता गाडीतून न्या. जखमेलाही तेच लागू. स्वच्छ पाण्यानं धुऊन, स्वच्छ कापड बांधून, त्यावर चालू न देता पाठवा. हळद, चुना, तंबाखू, टूथपेस्ट काही लावू नका.

घरी काय सांगून पाठवायचं

भाषण देऊ नका. आम्ही आधी देत होतो, माईकवर, अर्धा तास. कुणाच्या काही लक्षात राहिलं नाही. आता पाय हातात असतानाच प्रत्येकाला त्याच्या पायापुरती एक, फार तर दोन गोष्टी सांगते.

आमच्या भागातलं सगळ्यात मोठं संकट बिब्बा. भेगांत किंवा कुरुपावर तापवलेल्या बिब्ब्याचं तेल सोडायची जुनी रीत आहे. बिब्बा उतला की चांगला पाय फोडांनी भरतो. बधिर पायात तर माणसाला भाजल्याचंही कळत नाही, आणि त्या फोडाची जखम होते. दुसरं, दाढीच्या पात्यानं कुरूप खरवडणं. तिसरं, कुरुपावर चिकटवायच्या औषधी पट्ट्या, ज्यांतलं आम्ल चांगली कातडीही जाळतं. साखर असलेल्यानं या तिन्ही गोष्टी करायच्या नाहीत.

भेगांना खोबरेल चालतं, कोकमाचं तेलही चालतं. फक्त ते तापवून भेगेत ओतायचं नाही, बोटावर घेऊन गार करून चोळायचं. बेचक्यांत तेल लावायचं नाही, तिथं कोरडंच हवं. पाय दुखतात म्हणून मिठाच्या कढत पाण्यात बसायचं नाही, शेकोटीला तळवे धरायचे नाहीत, गरम पाण्याची पिशवी लावायची नाही. नखं आंघोळीनंतर मऊ असताना सरळ कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत. नजर अधू असेल तर दुसऱ्यानं कापायची.

हा "दुसरा" कोण, हे नावानं विचारा. सत्तरीच्या माणसाला वाकून स्वतःचा तळवा बघता येत नाही. जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरला तर दिसतं, पण मोतीबिंदू असेल तर तेही नाही. म्हणून वहीत एक रकाना आहे, "घरी पाय कोण बघणार". नात, सून, शेजारीण, जे नाव मिळेल ते. त्या व्यक्तीला बोलावून तिथंच पाय हातात देते आणि बघायला लावते. आठ-दहा वर्षांच्या नातवंडांसारखं नेमानं हे कुणी करत नाही. रोज संध्याकाळी दिवेलागणीला, पाढे म्हणायच्या आधी, आजीचा पाय.

चपलांचं थोडं सविस्तर सांगते. अंगठ्यात धरून चालायची चप्पल बधिर पायाला नको, ती निसटते आणि बोटांच्या बेचकीत घासते. मागून पट्टा, पुढं बोटांना मोकळी जागा, आतून मऊ, खालून काटा न शिरेल इतकी जाड, अशी हवी. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय फुगलेला असतो. स्वतः जाता येत नसेल तर पाऊल कागदावर ठेवून, उभं राहून, पेन्सिल फिरवून आकृती काढा आणि कातरून दुकानात न्या. कागद चपलेत दुमडला तर ती चप्पल परत. तळवा पूर्ण बधिर असेल तर एमसीआर नावाच्या मऊ रबराची चप्पल विचारा. कुष्ठरोग कार्यक्रमात बधिर पायांना याच रबराच्या चपला देतात. कुठल्याही चपलेत पाय घालण्याआधी ती झटकायची आणि हात घालून बघायचं. विंचवासाठी ही सवय आपल्याला आहेच, खड्यासाठीही ठेवा.

देवळाचा प्रश्न सगळ्यात नाजूक. चैत्र-वैशाखात दुपारी दगडी फरशीवर प्रदक्षिणा घातली की बधिर तळव्याला फोड येतात, आणि "अनवाणीच चालीन" असा नवस बोललेली माणसं असतात. मी देवाधर्माच्या आड येत नाही. पहाटे जा म्हणते, आणि जाड सुती मोजे घाला म्हणते. पांढरे मोजे घ्या, रक्त लागलं तर दिसतं. शिवण टोचत असेल तर उलटे घाला. एका माळकरी आजोबांना मोज्यांचा विटाळ वाटत होता. देवळातल्या पुजाऱ्यांनीच त्यांना सांगितलं की चालेल. त्या दिवसापासून शिबिराच्या आधी मी पुजाऱ्यांनाही भेटते.

वही

शिबिर संपलं की अर्धंच काम झालेलं असतं. लाल पेनाच्या माणसाकडे दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा चौथ्या दिवशी जायचं. गेला का, काय सांगितलं, पट्टी कोण बदलतं, जखमेवर चालतोय का? पिवळ्यांच्या घरी ठरलेल्या महिन्यात. बोलावणं धाडून येत नाहीत, आपणच जावं लागतं. जाताना बॅटरी आणि एक कापड पिशवीत असू द्या, ओसरीवर बसूनही पाय बघून होतो.

आमच्या वहीत सध्या अकरा पिवळे आहेत आणि एक लाल, खालच्या वस्तीवरच्या आजीची टाच. जखम कडेनं भरत आली आहे. नात रोज पट्टी बदलते आणि आजी रानात जाऊ नये म्हणून चप्पल लपवून ठेवते. बुधवारी मी तिच्याकडे जाणार आहे. पावलाची आकृती काढायला जुनं वर्तमानपत्र आणि पेन्सिल बरोबर घेतली आहे.